आठवड्यातला दीड तास आणि बाकीचे सगळे

लहान मुलाच्या विकासातील विलंबासाठी डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी सुचवली की पालक पहिल्याच भेटीत जो प्रश्न विचारतात, तो जवळपास ठरलेला असतो : ‘मॅडम, आठवड्यातून किती वेळा यावं लागेल?’ प्रश्न अगदी रास्त आहे. कोणी दोन एसट्या बदलून आलेले असते, कोणाची रोजंदारी बुडालेली असते, कोणी धाकटे तान्हे शेजारणीच्या स्वाधीन करून आलेली असते. मी उत्तर देतेच, पण त्याआधी कागदावर एक हिशेब मांडून दाखवते. दोन-तीन वर्षांचे मूल दिवसाला साधारण 12 तास जागे असते, म्हणजे आठवड्याला 84 तास. केंद्रात पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रे झाली, तर त्यांतला दीड तास आमच्या वाट्याला येतो. उरलेले साडेब्याऐंशी तास मूल जेवते, आंघोळ करते, कपडे घालून घेते, खेळते, रडते आणि घरातल्या माणसांच्या मागे मागे फिरते. ज्या थेरपीत या साडेब्याऐंशी तासांचा विचार नाही, ती कितीही कौशल्याने दिली तरी फारशी कामाची ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे आणि हा लेख त्या मताच्या समर्थनासाठीच लिहिलेला आहे.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांत फरक काय, हा दुसरा ठरलेला प्रश्न. फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल, उभे राहणे आणि चालणे यांकडे प्रामुख्याने लक्ष देतात. आम्ही मुलाच्या दिवसाकडे पाहतो. या वयाच्या मुलाला दिवसभरात काय काय करावे लागते, त्यांतले कोणते काम अडते, आणि ते हाताच्या बोटांमुळे अडते, नजरेमुळे अडते, लक्ष न टिकल्यामुळे अडते, की मुलाला बसवण्याची जागाच चुकीची असल्यामुळे अडते, हे शोधणे हे आमचे काम. प्रत्यक्षात दोन्ही विभागांचे काम एकमेकांत बरेच मिसळते आणि चांगल्या केंद्रात दोघे एकाच टेबलाशी बसून बोलतात. भारतातील ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले विद्यालय 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाई पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी. ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना 1952 साली स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. आमच्या सातारा जिल्ह्यात फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेमुळे त्यांचे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. त्या कोण होत्या हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून ही एवढी नोंद.

आता विलंबाविषयी. मूल आपल्या वयाच्या मानाने मागे आहे, एवढेच ‘विकासातील विलंब’ या शब्दांतून कळते; ते का मागे आहे, हे स्वतंत्रपणे शोधावे लागते. कोणी दिवस भरण्याआधी जन्मलेले असते. कोणाच्या बाबतीत ‘जन्मल्यावर रडलं नाही, काचेच्या पेटीत ठेवलं होतं’ एवढाच इतिहास आई सांगू शकते. कधी जन्मानंतरची तीव्र कावीळ किंवा रक्तातील साखर फार उतरणे, कधी डाउन सिंड्रोमसारखे जनुकीय कारण, कधी ऑटिझम, आणि कधी सगळ्या तपासण्या होऊनही काहीच सापडत नाही. पाच वर्षांखालील मूल दोन किंवा अधिक क्षेत्रांत, उदाहरणार्थ हालचाल आणि भाषा या दोन्हींत, लक्षणीय मागे असेल तर डॉक्टर ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ असे लिहितात. थायरॉईडची जन्मजात कमतरता हे कारण वेळीच सापडले तर औषधाने आटोक्यात येते, आणि ज्या मुलाचे बोलणे लांबले आहे त्याची श्रवणचाचणी सर्वांत आधी व्हायला हवी. ‘टाळी वाजवली की बघतो’ ही घरगुती चाचणी पुरेशी नाही.

उशीर म्हणजे नक्की किती उशीर, यावरून घराघरांत वाद होतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून 2006 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराशिवाय बसण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने आणि एकट्याने चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका पसरलेला आहे. त्यामुळे शेजारचा नातू दहाव्या महिन्यात चालला म्हणून आपल्या नातवाची काळजी करण्याचे कारण नाही. मात्र दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल तर वाट पाहण्याचेही कारण नाही. त्याच पाहणीत सुमारे 4 टक्के मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही वेळेवर चालली, ही गोष्ट मी आज्यांना आवर्जून सांगते, कारण ‘रांगला नाही’ हा घोर पुष्कळ घरांत विनाकारण लागलेला असतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी आलेले बाळ दहा महिन्यांचे झाले, तर त्याच्याकडून आठ महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची.

‘आमच्याकडे सगळे उशिराच चालतात, याचे वडीलसुद्धा अडीच वर्षांनी बोलायला लागले’ हे वाक्य न ऐकलेला थेरपिस्ट महाराष्ट्रात सापडणार नाही. ते कधीकधी खरेही ठरते. पण पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ ज्या वेगाने होते तो वेग पुढे राहत नाही, आणि तपासणी करून घेण्यात काही गमवावे लागत नाही, तर थांबण्यात बरेच काही गमावले जाऊ शकते. शिवाय निदान निश्चित होईपर्यंत थेरपी थांबवून ठेवण्याची गरज नसते. मुलाला बसता येत नसेल तर बसायला शिकवण्याचे काम कारण सापडण्याआधीही सुरू करता येते.

आता मूळ मुद्द्याकडे येते आणि एकाच कामाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी थेरपी त्या एका कामात पाहता येते. ते काम म्हणजे आपल्या हाताने जेवणे.

तीन वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येत असे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. अपुऱ्या दिवसांची, पाय ताठ, बसली तर डुगडुगणारी. आईला ती चालायला हवी होती, आणि आजीची इच्छा ‘निदान आपल्या हातानं चार घास खाऊ दे’ एवढीच होती. आजीचे मागणे आईपेक्षा अधिक व्यवहारी होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. जेवण कसे होते ते दाखवायला सांगितल्यावर आजीने मांडी घातली, नातीला आडवे घेतले, मोबाइल तांब्याला टेकवून समोर लावला आणि पातळ वरणभाताचा घास तिच्या तोंडात घातला. मूल मागे रेललेले असले की मान मागे जाते, घास जिभेवर थांबण्याऐवजी घशाकडे घसरतो आणि ठसका लागतो. ठसका लागतो म्हणून घरचे अन्न आणखी पातळ करतात. पातळ अन्न आणखी वेगाने घसरते आणि चावण्याची सवय होण्याचा प्रश्नच उरत नाही. मोबाइलमुळे तोंड उघडते खरे, पण आपण जेवतो आहोत हे मुलाला कळत नाही.

आम्ही सुरुवात बसण्यापासून केली. डुगडुगणाऱ्या मुलाचे दोन्ही हात तोल सांभाळण्यात गुंतलेले असतात. ते मोकळे झाल्याशिवाय घास उचलण्याची भाषा व्यर्थ आहे. त्यांच्या घरात भिंतीचा एक रिकामा कोपरा होता. कोपऱ्यात बसवले की पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार मिळतो. ढुंगणाखाली पाट, तळवे जमिनीला पूर्ण टेकतील इतकीच उंची, आणि पुढे सत्यनारायणाच्या पूजेसाठी माळ्यावर ठेवलेला चौरंग. त्यावर दोन्ही कोपरे टेकता आले की खांदे स्थिर होतात आणि मनगट मोकळे होते. खास खुर्ची मिळाली तर उत्तमच, परंतु ती येईपर्यंतचे महिने वाया घालवण्याचे कारण नव्हते.

मग ताट. सपाट ताटलीतला घास बोटांनी ढकलला की ताटलीबाहेर जातो. उभ्या काठाच्या खोलगट ताटलीत तो काठाला अडतो आणि बोटांत येतो. ताटलीखाली ओले फडके पसरले की ती सरकत नाही. पदार्थही विचार करून निवडावे लागतात. मऊ वरणभात मोठ्यांना सोपा वाटतो, पण शिकाऊ बोटांतून तो गळून जातो. त्यामुळे आम्ही धिरड्याचे लांबट तुकडे आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी यांपासून सुरुवात केली, नंतर पोळीच्या मलिद्याचे छोटे मुटके, आणि चमचा आला तो घट्ट मुगाच्या खिचडीबरोबर, कारण घट्ट खिचडी चमचा वाकडा झाला तरी लगेच सांडत नाही. चमच्याची दांडी सुती चिंधी गुंडाळून जाड केली. ज्या मुलांची पकड सैल असते त्यांना बारीक दांडी धरण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो, आणि मग जोर पकडीत जातो, दिशेला उरत नाही.

शिकवण्याचा क्रम मात्र उलटा ठेवायचा असतो. चमचा भरणे हे सर्वांत अवघड, म्हणून ते मोठ्यांनी करायचे. मुलाच्या हातावर आपला हात ठेवून चमचा ओठांपाशी न्यायचा आणि शेवटचे दोन बोटांचे अंतर फक्त मुलावर सोडायचे. घास लगेच तोंडात जात असल्यामुळे प्रत्येक प्रयत्न यशस्वी होतो. ते अंतर जमले की आपला हात आधी सोडायचा, नंतर आणखी आधी. मदतीचा हातही मनगटावरून कोपराकडे सरकवत न्यायचा. हे सगळे पूर्ण जेवणभर करायचे नाही. भूक कडाडून लागलेली असताना पहिले पाच-सहा घास मुलाचे, मूल दमले की पुढचे आजीचे, असा करार आम्ही केला आणि आजीने तो निष्ठेने पाळला.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणून वाढलेल्या बाईला आपल्या डोळ्यांसमोर शिते सांडलेली आणि पायाखाली आलेली पाहवत नाहीत. ‘मॅडम, मला ते पाहून कसंसंच होतं,’ असे त्या म्हणाल्या. या आक्षेपाला अज्ञान म्हणून बाजूला सारणारे थेरपिस्ट मी पाहिले आहेत. अशा घरात मग दोन दिवसांत भरवणे पुन्हा सुरू होते. आम्ही चौरंगाखाली जुन्या साडीचा धुतलेला तुकडा पसरायचे ठरवले आणि जेवणानंतर तो परसात झटकायचा, म्हणजे सांडलेले चिमण्या-कोंबड्यांच्या पोटात जाईल. आजींचे समाधान झाले आणि तिथून पुढे त्या माझ्यापेक्षा चांगल्या थेरपिस्ट ठरल्या, कारण त्यांच्याकडे दिवसाला तीन जेवणे होती.

या एका कामात धडाचा तोल येतो, नजर आणि हात यांचा मेळ येतो, तळहात वर वळवणे येते, ओठ मिटून घास आत घेणे येते, लक्ष टिकवणे येते. केंद्रात याच गोष्टींसाठी वेगवेगळी खेळणी मांडलेली असतात. फरक असा की मणी ओवून झाल्यावर पोट भरत नाही. ती मुलगी अजून आधार घेऊनच चालते, पण घरच्या कार्यात पंगतीत बसून आपले आपण जेवते, आणि शाळेत पाठवताना बाईंना ‘हिला भरवावं लागतं’ असे सांगावे लागत नाही.

जेवणाविषयी एक इशारा द्यायलाच हवा. बोटांची चिमटीतली पकड सुधारावी म्हणून शेंगदाणे, फुटाणे, हरभरे वेचायला देण्याची पद्धत घरोघरी आहे. चार वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा अगदी वरच्या क्रमांकावर असतो, आणि विलंब असलेल्या मुलाच्या चावण्या-गिळण्यात आधीच अडचण असते. चिमटीसाठी चुरमुरे चांगले. ते तोंडात विरघळतात. शेंगा सोलायला बसवायचे असेल तर सोलून झालेले दाणे मोठ्यांनी ताबडतोब उचलून घ्यावेत आणि मुलाला एकटे सोडून चहा ठेवायला उठू नये.

आंघोळीच्या वेळी बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याची आपल्याकडची रीत मला फार उपयोगाची वाटते, कारण पालथे, उताणे, कुशीवर असे वळवताना मान उचलण्याची आणि धड वळवण्याची संधी बाळाला रोज मिळते. मोठ्या मुलाच्या हाती छोटा मग द्यावा आणि स्वतःच्या पोटावर, मांडीवर पाणी ओतू द्यावे. कपड्यांच्या बाबतीत काढणे आधी येते, घालणे नंतर. त्यातही सैल चड्डी आधी आणि बटणांचा शर्ट सर्वांत शेवटी. ज्या मुलाचा एक हात मागे पडतो, त्याला दोन्ही हात लागतील अशी कामे मुद्दाम द्यावीत : डब्याचे झाकण काढणे, कणकेचा गोळा ओढून तोडणे, मटारची शेंग उकलणे. एका हाताने धरायचे आणि दुसऱ्याने करायचे, ही विभागणी तिथे आपोआप होते. चांगला हात काही काळ बांधून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धतही आहे आणि तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. मात्र किती वेळ, कोणत्या वयात आणि कोणत्या मुलाला, हे थेरपिस्टने ठरवायचे असते, घरच्या घरी कापड गुंडाळून तो प्रयोग करू नये.

पांगुळगाड्याविषयी मला नेहमी विचारतात. लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभे राहून ढकलते. त्यात वजन स्वतःच्या पायांवर असते आणि तोलही स्वतःच सांभाळावा लागतो. उभे राहू लागलेल्या मुलाला, कोणाचे तरी लक्ष असताना, तो द्यायला माझी हरकत नाही. बाजारात ‘वॉकर’ म्हणून जे मिळते, त्यात मूल मध्ये बसते, चवड्यांवर टोचत पुढे जाते आणि जिन्यावरून गडगडू शकते. त्याने चालणे लवकर येत नाही. कॅनडाने 2004 सालापासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. ज्या मुलाचे पाय ताठ आहेत त्याला तर वॉकरमध्ये ठेवणे म्हणजे चवड्यांवर चालण्याच्या सवयीला खतपाणी घालणे होय. एवढे सांगूनही पहिल्या वाढदिवसाला मामाने आणलेला वॉकर माळ्यावर टाकणे सुनेला शक्य होत नाही, हे मला समजते. अशा वेळी मी तो मोडका आहे असे जाहीर करायला सुचवते.

आता थोडे कटू. गेल्या काही वर्षांत शहरांतून आणि आता तालुक्याच्या गावांतूनही रंगीत झोपाळे, चेंडूंचे हौद, मऊ भिंती आणि दिव्यांच्या खोल्या असलेली केंद्रे निघाली आहेत. मुलाच्या संवेदनांची मेंदूत नीट सांगड बसत नाही तेव्हा वागणे आणि शिकणे अडते, हा विचार अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी साठ-सत्तरच्या दशकांत मांडला आणि ‘सेन्सरी इंटिग्रेशन’ ही उपचारपद्धती त्यातून आली. काही मुलांना, विशेषतः ऑटिझम असलेल्या काही मुलांना, तिचा फायदा होताना मी पाहते आणि तसे काही अभ्यासही आहेत. परंतु अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली स्पष्ट म्हटले, की या पद्धतीबाबतचा पुरावा मर्यादित आहे आणि पालकांना तसे सांगितले पाहिजे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण, हिच्यासाठीच्या उपचारांचा मोठा आढावा ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केला. घरी करायचा आखलेला कार्यक्रम, ठरलेल्या उद्दिष्टासाठी त्याच कामाचा सराव आणि दोन्ही हातांचे प्रशिक्षण या गोष्टी त्यात प्रभावी ठरल्या. थेरपिस्टने मुलाचे अंग हलवायचे आणि मुलाने ते हलवून घ्यायचे, अशा उपचारांची बाजू कमकुवत निघाली. ज्या गोष्टीसाठी महिन्याला हजारो रुपये मोजले जातात, तिच्याविषयी एवढे तरी पालकांना ठाऊक असावे. झोके मुलाला आवडतात यात वाद नाही, पण साडीची झोळी घरातही बांधता येते.

म्हणून केंद्र निवडताना भिंतींचे रंग पाहू नयेत. सत्र चालू असताना पालकांना आत बसू देतात का, हे पाहावे. बंद दाराआड पंचेचाळीस मिनिटे काय झाले हे ज्या आईला दिसलेच नाही, ती घरी काय करणार? पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचे आहे हे थेरपिस्टने लिहून दिले का, आणि लिहिलेले उद्दिष्ट मोजता येण्यासारखे आहे का, हेही पाहावे. ‘हाताचे कौशल्य सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘रात्रीच्या जेवणात पहिले सहा घास चमच्याने स्वतः खाणे’ हे उद्दिष्ट आहे. आणि आमच्यापैकी जो कोणी मूल शंभर टक्के ‘नॉर्मल’ करून देण्याची हमी देतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसू लागले तर पुढे चालण्याची शक्यता बरीच वाढते, असे आम्ही सांगू शकतो; पण ती शक्यता असते, हमी नव्हे.

साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन येणारे बरेच पालक मात्र जेवण्या-कपड्यांसाठी येतच नाहीत. शाळेतून चिठ्ठी आलेली असते की मूल लिहीत नाही. ज्या मुलाला चपला घालता येत नाहीत आणि चड्डी वर ओढता येत नाही, त्याच्या हाती पेन्सिल देऊन ठिपक्यांवरून ‘अ’ गिरवून घेण्याचा अट्टहास मला पटत नाही, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षांचे वय धरलेले आहे. मुलाची सामाजिक प्रगती मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ व्हाइनलँड ही मापनश्रेणी वापरतात. तिचे भारतीय रूपांतर नागपूरमध्ये मानसशास्त्रज्ञ मालिन यांनी केले. हाताने जेवतो का, कपडे काढतो का, बटणे लावतो का, हातपाय धुतो का, असेच प्रश्न तिच्यात विचारले जातात. वहीची पाने भरली म्हणून तिथले गुण वाढत नाहीत.

सरकारी सोयींविषयी थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. त्याअंतर्गत फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि विलंबाची शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. लोक त्याला डीईआयसी म्हणून ओळखतात. तिथे सेवा मोफत मिळते. सगळीकडे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे पद भरलेले असतेच असे नाही, तरीही खाजगी केंद्राआधी तिथे एकदा जावे असे मी सांगते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंग व्यक्तींचे देशभर चालणारे ओळखपत्र, काढायला अनेक पालक बिचकतात. मुलावर शिक्का बसेल अशी भीती असते. ते प्रमाणपत्र असल्याशिवाय राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना मिळत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती आहे आणि नियमित थेरपीचा खर्चही तिच्यात धरलेला आहे. एसटीच्या सवलतीसाठीही कागद लागतोच.

शेवटचा प्रश्न थेरपी कधी थांबवायची हा. तो पालक सहसा विचारत नाहीत आणि केंद्रेही स्वतःहून काढत नाहीत, कारण दोघांनाही थांबण्याची भीती वाटते. माझ्या मते ठरवलेली कामे मूल घरी, थेरपिस्ट समोर नसताना करू लागले की सत्रे विरळ करावीत, आणि नवे उद्दिष्ट सुचेपर्यंत बंद ठेवायलाही हरकत नाही. वर्षानुवर्षे आठवड्यातून तीनदा केंद्रात जाणाऱ्या मुलाच्या भावंडांना आई मिळत नाही, वडिलांची सुट्टी जाते आणि मुलालाही खेळायला अंगण उरत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मी बऱ्याच मुलांची सत्रे थांबवते आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा दाखवायला बोलावते. त्या भेटीला येताना वही नको, शाळेचा डबा आणि पाण्याची बाटली आणा, एवढी एकच सूचना असते, कारण मधल्या सुट्टीत दोन्हींची झाकणे मुलाला एकट्याने उघडता येतात का, हे मला पाहायचे असते.